जर तू जिवंत असशील

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक चादर पिळली.

डबल बेडची, जाड चादर. बायको गेल्यापासून मी ती धूतच नव्हतो, कारण धुतली तरी एकट्याला पिळता येत नाही. घरात मशीन आहे, मुलाने कुवेतहून पैसे पाठवून घ्यायला लावलं, पण त्यात काय दाबायचं ते तिलाच माहीत होतं. त्या दिवशी शुक्रवारी दुपारी मी चादर बादलीत भिजवून नुसता बघत बसलो होतो. तो आला, बादलीत बघितलं आणि म्हणाला, "एक टोक दे इकडे."

दारापुढच्या ओट्यावर समोरासमोर उभे राहिलो. पहिल्यांदा चादर नुसतीच गोल फिरली.

"अरे, तू पण उजवीकडे फिरव ना. बायकोबरोबर कसा पिळायचास?"

मला आठवेना. ती सांगेल तसा मी फिरवायचो.

मग जमलं. चादर दोरीवर टाकली. तिच्यातून पाणी ठिबकत होतं ते तो बघत राहिला. आणि तिकडेच बघत म्हणाला, "तुझ्या पहिल्या पोरीला मी बाप्तिस्मा दिला नव्हता. दिला म्हणून सांगितलं ते खोटं. उद्या सकाळी ऑफिस उघडलं की फादरकडे जाऊन वहीतली ओळ दुरुस्त करून घेणार आहे. आधी तुला सांगायला आलो."

आमची पहिली पोर जन्मली त्याच सकाळी गेली, त्याला आता पन्नास वर्षं झाली. तिचं या जगात काही उरलेलं नाही. फोटो नाही. कबर नाही, कारण आमच्याकडे जागा कमी, काही वर्षांनी त्याच खड्ड्यात दुसऱ्याला ठेवतात. उरली होती देवळाच्या बाप्तिस्म्याच्या वहीतली एक ओळ. आग्नेस, आईबापाचं नाव, आणि बाप्तिस्मा देणारा म्हणून त्याचं नाव. ती ओळ तो काढायला निघाला होता.

तो कोण ते सांगतो.

बोरिवलीला आमचं जुनं गावठाण आहे. आता चारी बाजूंनी टॉवर आलेत, मध्ये आम्ही खड्ड्यात राहिल्यासारखे राहतो. तो आमच्या मागच्या गल्लीतला, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा. लग्न केलं नाही. महापालिकेत पाण्याच्या खात्यात चावीवाला होता. म्हणजे रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडायचं, खांद्यावरची लांब चावी आत घालायची आणि फिरवायची, की त्या गल्लीला पाणी येतं. वेळ झाली की उलटी फिरवून बंद. फिरवताना आटे मोठ्याने मोजायचा. एक, दोन, तीन. स्वर्गाच्या चाव्या संत पेत्राकडे असतात, म्हणून हा चावी घेऊन येताना दिसला की बायका चिडवायच्या, "आला बघा संत पेत्र. काय रे, स्वर्ग कधी उघडतोस? हंडे रिकामे आहेत." तो म्हणायचा, "स्वर्गाचं मला विचारू नका. तुमच्या गल्लीचं पावणेसातला."

शर्टाच्या खिशात औषधाची छोटी काचेची बाटली असायची. आत साधं पाणी. रोज सकाळी बदलायचा. आमच्या धर्मात नियम आहे, मरणाच्या दारात असलेल्या मुलाला फादर पोचत नसेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. डोक्यावर पाणी ओतायचं आणि म्हणायचं, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो. बस. पण पाणी वाहिलं पाहिजे, नुसता ओला हात लावून चालत नाही. हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. खिसा कायम ओलसर. लोक म्हणायचे, हा चालता-फिरता नळ आहे.

रविवारी देवळात मिस्सा झाली की तो पोरांना धर्मशिक्षण द्यायचा. त्यात एक तास नारळाचा. सोललेला नारळ एका पोराच्या हातात द्यायचा, डोकं समजून. दुसऱ्याने त्यावर पाणी ओतायचं आणि शब्द म्हणायचे. नारळाचे डोळे वर पाहिजेत. पाणी डोळ्यांवरून गेलं तर पुन्हा. आणि त्याच्या वर्गात शब्द म्हणायच्या आधी आणखी एक वाक्य म्हणायला लागायचं. "जर तू जिवंत असशील तर." पोरं खो खो हसायची.

"अंकल, नारळ जिवंत नाही."

"तुला काय माहीत? खात्री आहे?"

"आहे."

"खात्री असली तरी म्हण."

माझा मुलगा पण या वर्गातून गेला. घरी येऊन भोपळ्याला बाप्तिस्मा दिला होता त्याने. बायको हसून हसून खाली बसली. मी म्हटलं, आता कापायचा की पुरायचा?

एकदा एका पोरीने विचारलं, "अंकल, बाप्तिस्मा म्हणजे नाव ठेवणं ना?" तो म्हणाला, "नाव महापालिका पण ठेवते. बाप्तिस्मा म्हणजे बुडून मरायचं आणि दुसऱ्याच्या श्वासाने वर यायचं." ती म्हणाली, "एवढ्याशा पाण्यात कोण बुडतं?" तर म्हणे, "तेच तर. तेवढ्यात बुडायला शिकायचं. जन्म जातो."

मला हे काही कळायचं नाही. मी बेकरीत भट्टीवर पाव भाजणारा माणूस, चौथी पास. मी बाप्तिस्म्याला जायचो ते जेवायला. आता तर हॉल घेतात, फुगे लावतात, दोन मजल्यांचा केक असतो. फादर आईबापाला विचारतो, सैतानाचा त्याग करता का? आईबाप कॅमेऱ्याकडे बघत असतात. मागच्या बाकावरून हा एकटा ओरडायचा, "करतो." सगळ्यांच्या माना मागे. गावात कोणाचाही बाप्तिस्मा असो, बोलावलेलं असो नसो, हा मागच्या बाकावर हजर. मी एकदा म्हटलं, "तुला कोण विचारतंय? तुझा झाला की तेव्हाच."

"अरे, एकदा नाही म्हटल्यावर तो सैतान काय कायमचा जातो? मी दर वेळी म्हणतो. कमी पडायला नको."

आणि फादरच्या हातून पाणी कमी पडलं तर तेही तिथेच सांगायचा. "फादर, वाहिलं नाही." एका फादरने रागावून पूर्ण भांडं ओतलं होतं. पोर किंचाळली, हा खूश.

त्याची दुसरी सवय म्हणजे माफी. कोणाला वाकडं बोलला, कोणावर अन्याय केला असं त्याला वाटलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्या माणसाच्या दारात. चहा न घेता. आत यायचा नाही, उंबऱ्याबाहेर उभा. कुमसारला जाऊन फादरपुढे पाप सांगणं वेगळं आणि हे वेगळं, म्हणायचा. फादरकडे जायच्या आधी ज्याचं बिघडवलं त्याच्याकडे.

आमच्या समोरच्या चाळीत एक मालवणी बाई होती, नवरा मिलमध्ये होता तिचा. एकदा पाण्याच्या वेळेला हा तिला म्हणाला की तू हंडा मध्ये घुसवलास, खोटारडी आहेस. नंतर कळलं, घुसवला दुसऱ्याच बाईने. सकाळी सहाला हा तिच्या दारात.

ती केस विंचरत होती. "काय रे, सकाळीच काय झाला तुका? पाणी नाय काय आज?"

"माफी मागायला आलोय. काल तुला खोटारडी म्हटलं."

"मी इसारलंय पण. ये, चाय घे."

"आधी माफ केलं म्हण."

"अरे मेल्या, चाय घे म्हणजे तांच झाला ना."

"नाही. म्हणायला लागतं."

ती हातातली फणी कमरेवर धरून त्याच्याकडे बघत राहिली. "बरां. केलंय माफ. आता चाय घे नि जा, माका डबो करूचो आसा."

तेव्हा तो चहा प्यायला. मी समोरून बघत होतो. नंतर म्हटलं, "एवढा काय तमाशा करायचा? मनात वाईट वाटलं की झालं."

त्यावर तो जे बोलला ते मला पाठ आहे, कारण तो ते शंभर वेळा बोलला असेल. "वाईट वाटून काय होतं? मी चुकून एखाद्या गल्लीचं पाणी बंद केलं आणि घरी जाऊन रडलो, तर त्यांच्या नळाला पाणी येईल? परत जाऊन चावी उलटी फिरवायला लागते. तेरा आटे बंद केले असतील तर तेरा उघडायचे. बारा नाही. पश्चात्ताप म्हणजे एवढंच."

असा माणूस. सगळ्या गावाच्या दारात जाऊन उभा राहिलेला. माझ्या दारात माफी मागायला मात्र कधी आला नव्हता. मला वाटायचं, आपल्यात तसं काही झालंच नसेल.

बायको गेली तेव्हा तो रोज दुपारी यायला लागला. बोलायचा नाही फार. मी पण नाही. घरात माणूस असल्याचा आवाज यायचा, खोकला, खुर्ची सरकवल्याचा. तेवढं मला पुरायचं. मुलगा रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो, जेवलो म्हणतो, संपलं. बाकी सहा दिवस मी आणि हा. म्हणून सांगतो, मला त्याची गरज होती. त्याच्याशिवाय माझ्याकडे कोणी येत नव्हतं.

आता त्या शुक्रवारचं पुढचं सांगतो.

मी विचारलं, "दिला नव्हता म्हणजे काय?"

पोर जन्मली त्या सकाळी मी बेकरीत होतो. फादर दुसऱ्या गावाला मयतीला गेलेला. हा गल्लीच्या तोंडाशी पाणी सोडत होता. दाईने त्याला हाक मारून आत नेलं. एवढं मला माहीत होतं. पुढचं त्याने सांगितलं.

"पोर चुलीजवळ कापडात ठेवलेली. दाई म्हणाली, लवकर कर, आईचं रक्त थांबत नाही, मी तिकडे जाते. मी बाटली काढली. पोर हलत नव्हती. मी बाटलीची काच तिच्या नाकापुढे धरली. वाफ आली नाही. मेलेल्याला बाप्तिस्मा द्यायचा नसतो, तसा नियम आहे. मी बाटलीचं बूच उघडलं पण नाही."

"मग?"

"मग आतून तुझ्या बायकोने विचारलं, दिलास का रे? मी म्हटलं, दिला. ती म्हणाली, काय नावाने? माझ्या तोंडात माझ्या आईचं नाव आलं."

म्हणजे आग्नेस हे नाव पण असंच आलेलं. आम्हाला वाटायचं, त्याने चांगलं शोधून ठेवलं.

"शंका असेल तर 'जर' म्हणून ओतता येतं," तो म्हणाला. "जर तू जिवंत असशील तर. मला ठाऊक होतं. पण मला शंकाच आली नाही. तिशीतला माणूस मी, मला सगळ्याची खात्री. मग चार वर्षांनी चष्मा लागला. एकदा थंडीत चहा पिताना चष्म्यावर वाफ आली. नंतर तोच चष्मा खिशातून काढून लगेच चहा प्यायलो, तर वाफ आली नाही. छातीशी गरम झालेला ना. तेव्हा कळलं. ती बाटली पण माझ्या खिशातलीच होती."

मी दोरीवरची चादर सरळ केली. मग विचारलं, "म्हणजे ती जिवंत होती?"

"असेल. नसेल. मला माहीत नाही. तेच तर."

त्याला मारावंसं वाटलं. तो ऐंशीचा, मी पंचाहत्तरचा. कुठे मारणार? म्हटलं, "आणि हे आता सांगतोस?"

"ती होती तोवर कसं सांगणार? तिला झोप लागली असती का? तिच्यासाठी गप्प बसलो असं मी म्हणतो. पण भीती पण होती. ते पण पापच."

तेव्हा बाप्तिस्मा न झालेली मुलं आमच्याकडे कुंपणाच्या कडेला पुरायचे, घंटा वाजायची नाही. त्याच्या एका शब्दावर माझ्या पोरीसाठी घंटा वाजली, तिला आत जागा मिळाली, वहीत नाव चढलं. बायकोला वाचता येत नव्हतं. पण दर वर्षी त्या तारखेला ती देवळाच्या ऑफिसात जायची आणि क्लार्कला ती वही काढायला लावायची. क्लार्क बदलत गेले, कुरकुर करायचे. ती पान स्वतः उलटायची. कुठली ओळ ते तिला ठाऊक होतं, वरून सहावी. त्यावर बोट ठेवायची, 'आमच्या बापा' ही प्रार्थना एकदा म्हणायची आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागायची. गेल्या वर्षी ती नव्हती म्हणून मी गेलो. मला वाचता येतं, तरी मी पण आधी ओळी मोजल्या.

म्हणून मी त्याला म्हटलं, "वहीला हात लावू नकोस."

"खोटं लिहिलंय रे ते. माझं नाव आहे खाली."

"असू दे."

"पन्नास वर्षं सगळ्यांना सांगत आलो, पूर्ण उलटं फिरवायला लागतं. स्वतःच्या वेळी अर्ध्यावर थांबू?"

"मला सांगितलंस ना. संपलं."

"तुला सांगणं हा एक आटा झाला. मरायच्या आधी बाकीचे व्हायला पाहिजेत." मग ओट्याची पायरी उतरून खाली उभा राहिला, त्या मालवणी बाईच्या दारात उभा होता तसा. "माफ करशील?"

"चल, निघ," मी म्हटलं.

तो गेला. त्यानंतर तीन महिने जगला. आम्ही रस्त्यात दिसलो की हात वर करायचो. एकत्र काही केलं नाही. त्या तीन महिन्यांत देवळात सगळे त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसे हळू बोलायला लागले. रविवारचा वर्ग त्याच्याकडून काढून एका मुलीला दिला. तिने नारळ बंद केला, आता चित्रं रंगवतात. तो मागच्या बाकावर बसून बघायचा. झोपेत गेला. मयतीला फादर म्हणाला, शेवटी शेवटी त्यांची आठवण गेली होती, पण श्रद्धा गेली नाही. लोकांनी माना हलवल्या. मी पण हलवली.

त्याची आठवण गेली नव्हती. शेवटपर्यंत त्याला सगळं स्वच्छ आठवत होतं. हे मला कोणाला तरी सांगायचं आहे. कुमसारला तीनदा रांगेत उभा राहिलो आणि परत आलो. फादर म्हणणार, मग जे केलंस ते निस्तर. निस्तरायला गेलो तर वरून सहावी ओळ जाते.

त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, बायकोच्या मयतीला घातलेला शर्ट घातला आणि नऊच्या आधी देवळाच्या ऑफिसात जाऊन बसलो. फादर नवीन, तरुण, चांगला मुलगा आहे. त्याने मला पाणी दिलं.

मी विचारलं, "फादर, वहीत एखादं नाव चुकून चढलं असेल तर काय करता?"

"कुठलं नाव, बाबा?"

"कुठलंही. पाणी ओतलं नव्हतं असं कोणी सांगितलं तर?"

"ज्याने दिला तो स्वतः येऊन सांगत असेल तर मला तसं लिहायला लागेल. ओळ मारून बाजूला कारण." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "लहान मूल असेल तर काळजी करू नका. अशा मुलांना आपण देवाच्या दयेवर सोपवतो. देव काही वही बघून ठरवत नाही."

"देव नसेल बघत," मी म्हटलं. "आम्ही बघतो."

त्याने माझा ग्लास पुन्हा भरला. मी म्हटलं, "आमचा चावीवाला येईल आता. माझ्या पोरीबद्दल काहीतरी सांगेल. त्याचं ऐकून घ्या, पण लिहू नका. त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. काल माझ्या घरी येऊन विचारत होता, तुझी बायको बाजारात गेली का."

फादरचा चेहरा पडला. "मला कळलंच नाही. बरं झालं सांगितलंत. घरचं कोणी नाही ना त्यांना?"

"मीच आहे," मी म्हटलं.

बाहेर आलो तर तो पायऱ्या चढत होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. मला बघून थांबला, कठड्याला धरून श्वास घेतला. कुठे होतो, का आलो, काही विचारलं नाही. त्याला वाटलं, मी त्याच्या बाजूने उभा राहायला आलोय. डोळे भरले त्याचे.

"म्हणजे माफ केलंस?" म्हणाला.

मी मान हलवली. तो हसला. "म्हणायला लागतं रे."

"केलं," मी म्हटलं. आणि बाजूला होऊन त्याला आत जायला वाट दिली.